पाव किलो खारी, दोन पाव

अ‍ॅप करायचं ठरलं तेव्हा पहिले आठ दिवस मी लॅपटॉप उघडलाच नाही. बीड जिल्ह्यातल्या केजमधल्या ज्या बेकरीसाठी ते करायचं होतं तिथं भट्टीच्या अलीकडे एक लाकडी स्टूल असतं. त्यावर वही घेऊन बसलो आणि गिऱ्हाईक जे बोलेल ते जसंच्या तसं उतरवत गेलो. "अर्धी लादी द्या." "दहाची खारी." "मागल्या खेपेला नेले होते ते टोस्ट, जाड नको, बारीक." "पाहुणे आलेत, काहीतरी द्या की लवकर." आठ दिवसांत वही भरली. त्या वहीत ‘उत्पादन’ हा शब्द एकदाही आला नाही. मी घरून करून आणलेल्या आराखड्यात तो सात ठिकाणी होता.

बेकरीचे मालक, त्यांना सगळी बाजारपेठ चाचा म्हणते, पिठाचे हात झटकत माझ्या वहीत डोकावले आणि म्हणाले, "बेटा, माणूस दुकानात जसं मागतंय तसंच मोबाइलात मागू दे. त्याला नवी बोली शिकवत बसू नको." पुढचे चार महिने मी या एका वाक्याच्या मागे चालत राहिलो.

पहिली गाठ पडली ती ‘दहाची खारी’ या दोन शब्दांशी. शहरातली अ‍ॅप वजन विचारतात किंवा नग विचारतात. आपल्याकडे निम्मं गिऱ्हाईक रुपयांवर मागतं. दहाची, वीसची, पन्नासची. किती ग्रॅम आली हे काट्यावर दिसतं आणि दोघांच्याही डोळ्यांसमोर दिसतं, म्हणून त्यावर विश्वास असतो. मग खारीच्या चित्राखाली आम्ही दोन ओळी दिल्या. वरच्या ओळीत दहाची, वीसची, पन्नासची. खालच्या ओळीत पाव किलो, अर्धा, एक. लोकांची बोटं आधी वरच्या ओळीवर जातात, हे पहिल्याच आठवड्यात दिसलं.

टाइप करण्यापेक्षा बोलणं सोपं, म्हणून बोलून ऑर्डर देण्याची सोय ठेवली. मराठी बोललेलं फोन आता बऱ्यापैकी लिहून घेतो. चाचांचा पुतण्या दुकानाचा फोन सांभाळतो. त्यानं चाचणीसाठी सहज म्हटलं, "पाव किलो खारी, दोन पाव." अ‍ॅपनं लिहिलं: पाव, एक नग. खारी, एक किलो. पाव, दोन नग. आपल्या भाषेत पाव दोन आहेत. एक संस्कृतातल्या ‘पाद’वरून आलेला, म्हणजे चौथा भाग. दुसरा पोर्तुगीजांबरोबर किनाऱ्यावर उतरलेला, भट्टीतून निघणारा. माणसाच्या कानाला यात कधी गोंधळ होत नाही, यंत्राला मात्र तो समजावून द्यावा लागतो. पावापुढे किलो आला तर ते माप, पावाआधी आकडा आला तर तो खायचा पाव, हा नियम बसवला. त्याच्या पाठोपाठ पाऊण, सव्वा, दीड, अडीच हेही शिकवले. परक्या देशात बनलेल्या तयार साच्यांना दीड हा शब्द ठाऊकच नसतो, त्यांच्या लेखी तो एक पूर्णांक पाच दशांश असतो. दीड किलो टोस्ट मागणाऱ्या माणसानं दशांश चिन्ह का शोधावं?

याहून अवघड निघाली खारी. एक खारी, अनेक खाऱ्या. गल्लीतल्या एक मावशी दुपारी चालत दुकानात आल्या आणि विचारू लागल्या, "खाऱ्या संपल्या का ओ? मोबाइलात तर काहीच दाखवत नाही." समोर ट्रेमध्ये खाऱ्यांची चळत होती. मी त्यांचा फोन बघितला. त्यांनी शोधाच्या चौकटीत ‘खार्या’ लिहिलं होतं, ‘या’वर रफार देऊन. ‘खाऱ्या’मधली ती आडवी वळलेली रेघ कुठल्या बटणावर असते हे त्यांना माहीत नव्हतं, आणि फोनवर मराठी लिहिणाऱ्या बहुतेकांना माहीत नसतं. ती रेघ काढण्यासाठी खाली टिंब असलेला ‘ऱ’ लागतो. काही कीबोर्डवर ती साध्या ‘र’ला एक अदृश्य जोडचिन्ह देऊन निघते. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात, आत मात्र त्यांचे संकेत वेगळे. म्हणजे मावशींचा रफार धरून एकाच शब्दाची तीन रूपं झाली, शिवाय इंग्रजी अक्षरांत लिहिणारे निराळे. यातल्या प्रत्येकाला एकाच ट्रेपाशी आणून सोडायला मला चार रात्री लागल्या. ग्राहकाचं शुद्धलेखन सुधारणं हे अ‍ॅपचं काम नाही. त्याला खाऱ्या मिळाल्या पाहिजेत.

अक्षरांचाच आणखी एक किस्सा. पडद्यावर दुकानाचं नाव पाहून चाचा म्हणाले, "हा ल आपला नाही." मी दुकानाच्या पाटीकडे बघितलं. पेंटरनं हातानं काढलेला ‘ल’ मराठी वळणाचा होता आणि पडद्यावरचा हिंदी वळणाचा. बऱ्याच देवनागरी फॉन्टांमध्ये मराठीचे ल आणि श आत ठेवलेले असतात. मजकुराची भाषा मराठी आहे एवढं सांगितलं की ते बाहेर येतात. आमच्याकडून ती नोंद हिंदी राहिली होती. दोन अक्षरांची दुरुस्ती, पण पाटीवरचा आणि पडद्यावरचा ल एक झाला तेव्हा चाचांनी पहिल्यांदा फोन हातात घेऊन सगळी पानं फिरवून बघितली.

पैशांचा भाग त्या मानानं सरळ निघाला. २०१६ साली जिओ आलं, त्याच वर्षी यूपीआय आलं, आणि आता भाजीच्या हातगाडीवरही स्कॅनरची पाटी लटकते. तिथं कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. प्ले स्टोअरचं म्हणाल तर नव्या वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस अ‍ॅप वापरून घ्यावं लागतं. ते १२ जण आम्ही दुकानाच्या कट्ट्यावरच जमवले.

एवढ्याशा गावात कोण अ‍ॅप बनवतं, असं मला पुण्यातले मित्र आजही विचारतात. आमच्याच जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटणच्या दादासाहेब भगत यांनी गावातल्या गोठ्यातून डिझाइनचं सॉफ्टवेअर उभं केलं आणि ते घेऊन ‘शार्क टँक इंडिया’पर्यंत गेले. चाचांच्या पुतण्याच्या फोनमध्ये तो भाग साठवलेला आहे. मित्रांच्या प्रश्नाला उत्तर देण्याची गरज मला आता वाटत नाही.

भट्टीपाशी मात्र घात झाला. ऑर्डर आली की तिची चिठ्ठी आपोआप छापावी म्हणून ५८ मिलिमीटरच्या कागदाचा छोटा प्रिंटर घेतला. या स्वस्त प्रिंटरांना मराठी जोडाक्षरं येत नाहीत. म्हणून चिठ्ठीचं आधी चित्र करायचं आणि ते ३८४ ठिपक्यांच्या रुंदीत बसवून छापायचं. अक्षरं सुरेख उमटली. आकडेही मी हौसेनं मराठीच ठेवले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे एका हॉटेलवाल्याच्या ‘४ लाद्या’ होत्या आणि पुतण्यानं आठ बांधून पाठवल्या. मंद दिव्यात, पिठाच्या धुरळ्यात, फिकट कागदावरचा मराठी चार त्याला इंग्रजी आठ वाटला. पोरगा इंग्रजी शाळेत शिकलेला, त्याच्या डोळ्यांना सवय त्या आकड्यांची. चाचांना दोन्ही सारखेच. मी आकड्याबरोबर अक्षरी ‘चार’ असंही छापायला सुरुवात केली, जसं चेकवर लिहितात. मराठी आकडा मला काढायचा नव्हता, आणि पहाटे चारला उठणाऱ्या पोराला चूक पदरात घ्यायला लावायची नव्हती.

केकच्या पानावर ‘नाव’ अशी एक चौकट होती. एका आजोबांनी नातीसाठी केक सांगितला आणि त्या चौकटीत स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव असं सगळं भरलं, कारण आयुष्यभर सरकारी अर्जावर ‘नाव’ म्हटलं की तेच लिहायचं असतं. कारागिरानं कोन धरून तेवढी सगळी अक्षरं अर्ध्या किलोच्या केकवर बसवली. तो चौकटीत आहे तेच लिहितो, आणि बरोबर करतो. आजोबा केक न्यायला आले, तो बघून गप्प उभे राहिले, मग म्हणाले, "पोरीचं नाव तर कुठं दिसंना." चाचांनी वरचं क्रीम खरवडून पुन्हा थर दिला. त्या रात्री मी ती चौकट काढून टाकली. आता पडद्यावर केकचं चित्र येतं, लिहाल ते क्रीमच्या अक्षरांत त्या चित्रावरच उमटतं, आणि वर विचारलेलं असतं: केकवर काय लिहायचं?

दिवाळीच्या आसपास आमचा जिल्हा रिकामा होऊ लागतो. मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवराबायकोच्या जोड्या, ट्रक-ट्रॅक्टरवर संसार लादून पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांवर ऊस तोडायला जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. शाळेतली पोरं गावाकडे आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. डिसेंबरात दुकानाचा फोन वाजला. सांगली जिल्ह्यातल्या एका उसाच्या फडावरून एक तोडकरी बोलत होता. "तुमचं मोबाइलातलं दुकान मला नको म्हणतंय." अ‍ॅपनं त्याच्या फोनचं ठिकाण आपोआप उचललं होतं आणि ‘आम्ही तुमच्या भागात सेवा देत नाही’ असा लाल अक्षरांत निरोप दिला होता. पोराचा वाढदिवस होता, पोरगं धारूर रस्त्यावरच्या गावात आजीपाशी. तो म्हणाला, "मी इथं हाय, पण केक तिथं पाहिजे."

त्याचा केक चाचांनी फोनवरच लिहून घेतला. मी बाजूला उभा होतो आणि तो लाल निरोप मीच लिहिलेला होता. पैसे देणारा आणि खाणारा एकाच ठिकाणी असतो हे मी गृहीत धरलं होतं, आणि तेही बीड जिल्ह्यात राहून.

आता अ‍ॅप उघडल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘कुणासाठी?’ मग गाव. पत्त्याऐवजी ‘मारुतीच्या पारापाशी’, ‘झेडपीच्या शाळेसमोर’ असं बोलून ठेवता येतं. केक गावाकडे जातो तो काळीपिवळीतून, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर. किती वाजता पोहोचेल हे दाखवायला मी घड्याळ लावलं होतं, ते चाचांनी काढायला लावलं. काळीपिवळी वेळेवर सुटत नाही, भरली की सुटते. म्हणून तिथं आता तेच लिहिलेलं आहे: ‘गाडी भरली की निघेल.’ गाडी निघाली की पुतण्या बटण दाबतो, आणि फडावरच्या फोनवर ड्रायव्हरचा नंबर जातो.

एक काम अजून व्हायचं आहे. दिवाळीआधी बाया घरचा रवा, मैदा, साखर, तूप डब्यात घालून भट्टीवर आणतात आणि नानकटाई भाजून नेतात. यात दुकान विकत काहीच नाही, भट्टीची मजुरी तेवढी घेतं. रांगेत कुणाचा डबा कुठला यावरून दरवर्षी वाद होतात. नंबर लावण्याचं पान मी केलं आणि त्यावर नानकटाईचं छान चित्र टाकलं. चाचांनी ते बघून मान हलवली. "नानकटाई सगळ्यांची सारखीच दिसते, बेटा. बाई आपला डबा वळखते."

पुतण्या सध्या घरोघरी जाऊन डब्यांचे फोटो काढतोय.