दुखणं परदेशात, औषध परक्या लिपीत

समजा, क्योटोतल्या सहलीचा पाचवा दिवस आहे. चार दिवस देवळं आणि बागा पायाखाली घातल्यावर आज कुठेच जायचं नाही, असं ठरलेलं. नेमकं आजच डोकं ठणकतंय, नाक वाहतंय, अंगात कणकण आहे. सकाळी घरून आणलेली पॅरासिटामॉलची गोळी घेतली, पण आराम नाही. हॉटेलखाली औषधांचं दुकान आहे. मात्र प्रत्येक खोक्यावर जपानी अक्षरं.

अशा वेळी सोपं वाक्यही सुचत नाही. आपली भाषा विनासायास समजते. परक्या भाषेत मात्र पाट्या, घोषणा, हावभाव यांवरून मेंदूला सतत अंदाज बांधावे लागतात. हे श्रम दिसत नाहीत, पण थकवतात. त्यात ताप असेल, तर चूक व्हायला वेळ लागत नाही.

सर्वांत मोठा धोका दुहेरी डोसचा. आपल्याकडचं पॅरासिटामॉल जपान आणि अमेरिकेत ‘ॲसिटामिनोफेन’ नावाने ओळखलं जातं. औषध एकच, नावं दोन. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांमध्ये ते असतं. घरची गोळी आणि वर तिथली सर्दीची गोळी घेतली, तर तेच औषध पोटात दोनदा जातं. निरोगी प्रौढासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही सर्वसाधारण कमाल मर्यादा मानली जाते. त्यापुढे यकृताला इजा होऊ शकते. यकृताचा आजार किंवा नियमित मद्यपान असेल, तर मर्यादा आणखी कमी.

म्हणून दुकानात कंपनीने दिलेलं नाव सांगून भागत नाही; औषधातल्या घटकाचं नाव सांगावं. आधी घेतलेल्या गोळीची पट्टी दाखवा. किती वाजता, किती मिलिग्रॅम घेतली, हे आकड्यांत लिहा. ताप सेल्सिअसमध्ये सांगा. दुखणाऱ्या जागी बोट ठेवून ‘इताई’ म्हटलं, की दुखतंय हे जपानी माणसाला कळतं.

समोरचा ‘हाय, हाय’ म्हणाला, तर सगळं पटलं असं समजू नका. जपानीत त्याचा अर्थ अनेकदा ‘ऐकतोय’ एवढाच असतो. आपणही न समजता मान डोलावू नये. गोळ्या किती आणि केव्हा घ्यायच्या, ते कागदावर लिहून घ्यावं.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने छापील मजकुराचं भाषांतर होतं, पण ते चुकूही शकतं. घटक आणि डोस यांची औषध विक्रेत्याकडून खात्री करा. छातीत दुखणं, धाप लागणं, शुद्ध हरपणं अशा वेळी दुकानात वेळ न घालवता रुग्णवाहिका बोलवा. जपानमध्ये त्यासाठी ११९ क्रमांक आहे.

खरी तयारी मात्र घरीच करायची. आपले आजार, रोजची औषधं त्यांच्या घटकांच्या नावांसह आणि कशाची ॲलर्जी आहे, हे त्या देशाच्या भाषेत एका कार्डावर जाणकाराकडून लिहून घ्या. ते पासपोर्टसोबत ठेवा. तापाने फणफणलेल्या माणसाच्या वतीने तेच कार्ड बोलेल.