कोथिंबीरवडीशेजारचा ग्लास

२००० साली सुलाच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या, सॉव्हिनॉन ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ, तेव्हा त्या कशाबरोबर प्यायच्या हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तोवर नाशिक म्हणजे थॉमसन सीडलेस, पेटीतून यायची ती खायची द्राक्षं. वाईन म्हटलं की नारायणगावची ‘ओमर खय्याम’, तीही कुणाच्या लग्नाच्या वाढदिवसाला. सुलाचे संस्थापक राजीव सामंत यांनी नाशिकला पांढऱ्या वाईनच्या जाती लावल्या आणि आम्हा चार-पाच जणांना एक छंद लागला. दर मार्चमध्ये एका रविवारी दादरच्या घरी जमायचं, दोन बाटल्या शेजारी शेजारी उघडायच्या आणि जेवायचं.

पहिली काही वर्षं आम्ही पुस्तकांचं ऐकून चीज आणि बिस्किटं मांडली. वाईन बरी लागायची, एवढंच. एका वर्षी चीज आणायचं राहून गेलं आणि वहिनींनी कोथिंबीरवडी तळायला घेतली. ती दुपार मी विसरलेलो नाही. कढईतून काढलेली वडी, कडेला कुरकुरीत, आत मऊ, वर तीळ. तिचा घास घेऊन सॉव्हिनॉनचा घोट घेतला आणि वाईनमधला तो कापलेल्या गवताचा, कच्च्या कैरीचा वास एकदम जवळचा वाटला. या द्राक्षात पायराझिन नावाची द्रव्यं असतात, ढोबळ्या मिरचीला तिचा हिरवा वास देतात तीच. कोथिंबिरीच्या हिरवेपणाशी त्यांचं जमलं, आणि वाईनच्या आंबटपणानं जिभेवरचं तेल धुऊन निघालं. ताटली पाच मिनिटांत रिकामी झाली.

पुढच्या वर्षी हुरूप येऊन अळूवडी केली आणि तीच वाईन पार फसली. चिंच-गुळाच्या गोडव्यापुढे ती नुसती आंबट, पातळ लागली. जेवणात वाईनपेक्षा जास्त गोडी असली की असं होतं. शेनिनमध्ये मात्र किंचित साखर ठेवलेली असते. तिनं अळूवडी सहज पेलली. हिरव्या मिरचीच्या ठेच्यालाही तीच चालली. ओकच्या पिंपात मुरलेली शार्डोने ठेच्यापुढे नुसती जाळते; तीच नारळाच्या दुधातल्या कोळंबीशेजारी ठेवा, लोण्यासारखी वाटते.

मधे एक मैत्रीण फ्रान्सहून सांसेर आणि व्हुव्रे घेऊन आली. दोन्ही लुआर नदीच्या खोऱ्यातल्या, द्राक्षं आपल्याकडचीच. खरं सांगायचं तर नुसत्या पिण्यात आपल्या बाटल्या मागे पडल्या. सांसेरची धार घोट गिळल्यावरही बराच वेळ रेंगाळत होती, व्हुव्रेला तर तळच लागेना. नाशिकला ऑक्टोबरच्या छाटणीचं पीक जानेवारी ते मार्चमध्ये येतं, आणि ऊन तापू लागलं की द्राक्षातला आंबटपणा भराभर उतरतो. म्हणून घड पहाटेच्या गारव्यात तोडून टाकीपर्यंत थंड ठेवण्याची सगळी धडपड. ती धडपड ग्लासात कळते. कोथिंबीरवडी मधे आल्यावर नाशिकची बाटली सांसेरला भिडली, हे मी पैजेवर सांगेन.

बाटली सांभाळणं मात्र अजून सगळ्यांना जमलेलं नाही. एका दुकानातून आणलेली बाटली उन्हाच्या खिडकीत उभी असलेली निघाली. रंग तांबूस, वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. ती ओतून टाकावी लागली. उपाहारगृहांत याच्या उलट, बर्फात इतकी गारठवतात की वास मुका होतो. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, तिचं नाक परत येतं.

मग अकलूजची फ्रातेल्ली आली. सांजोवेझे या लाल द्राक्षाचा रस सालीपासून लगेच वेगळा काढून ते पांढरी वाईन करतात. रव्यात घोळवून तळलेल्या पापलेटाबरोबर ती आमच्या घरात कायमची झाली. जेवणानंतर केशरी श्रीखंड आणि उशिरा तोडलेल्या शेनिनची गोड वाईन, यावर तर दहा वर्षांत कुणाचं दुमत झालेलं नाही.

यंदाच्या मार्चमध्ये बांगड्याचं तिखलं होतं, तिरफळं घातलेलं. तिरफळानं जीभ बधिर झाली आणि तिन्ही बाटल्या पाण्यासारख्या लागल्या. पुढच्या वर्षी रीसलिंग आणायची ठरली आहे. तिरफळं वहिनी कमी करणार नाहीत, आणि करूही नयेत.