पाण्यावरची रेघ

जगाच्या नकाशात जी बेटे वस्तीपासून दूर, गोड्या पाण्यावाचून आणि बंदरावाचून एकाकी पडलेली दिसतात, त्यांच्या रक्षणाला त्यांची दुर्गमताच पुरेशी आहे, अशी आपली सहज समजूत असते. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून पश्चिमेस सुमारे १,००० किलोमीटरवर पॅसिफिक महासागरात विखुरलेल्या गॅलापागोस द्वीपसमूहाचा, आणि विशेषतः त्याच्या वायव्य टोकाच्या डार्विन व वुल्फ या निर्मनुष्य बेटांचा वृत्तांत वाचला म्हणजे ती समजूत टिकत नाही. ज्या जलचरवैभवासाठी आज देशोदेशीचे पाणबुडे तेथे जातात, ते सागरी प्रवाहांनी निर्माण केले हे खरे. परंतु ते अद्याप शिल्लक राहिले आहे ते कायदा, गस्त आणि सरकारी दप्तर यांच्या बळावर.

या बेटांचा पहिला लेखी दाखला १५३५ सालचा आहे. पेरूमध्ये स्पॅनिश विजेता पिझारो आणि त्याचा सहकारी अल्माग्रो यांच्यात माजलेल्या तंट्याचा निवाडा करण्यासाठी पनामाचा बिशप तोमास दे बेर्लांगा निघाला असता वाटेत वारा पडला, जहाज प्रवाहाबरोबर वाहवत गेले, आणि ज्या रुक्ष, खडकाळ भूमीला ते लागले तेथे तहानेने व्याकूळ झालेल्या खलाशांना निवडुंग चघळून दिवस काढावे लागले. पुढे १८३२ साली इक्वेडोरने येथे आपला अंमल जाहीर केला, आणि तीन वर्षांनी ‘बीगल’ जहाजातून आलेल्या तरुण चार्ल्स डार्विनने या द्वीपसमूहात सुमारे पाच आठवडे घालविले. आज त्याचे नाव मिरविणाऱ्या बेटावर मात्र तो उतरला नाही. पाण्याखालचे गॅलापागोस अभ्यासू दृष्टीला पडण्यास १९२५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकी निसर्गशास्त्रज्ञ विल्यम बीब पाणबुड्याचे शिरस्त्राण घालून येथील समुद्रात उतरला.

या जलसमृद्धीचे मर्म पाण्याच्या तीन वाटांत आहे. दक्षिणेकडून हंबोल्टचा थंड प्रवाह येतो, ईशान्येकडून पनामाचे उबदार पाणी येते, आणि विषुववृत्ताला धरून, पृष्ठभागाच्या बऱ्याच खाली, क्रॉमवेल प्रवाह पूर्वेकडे वाहत येऊन इसाबेला व फर्नांदिना या पश्चिमेच्या बेटांवर आदळतो आणि खोलवरची क्षारद्रव्ये वर उचलतो. त्या थंड, हिरवट पाण्यात शेवाळ वाढते, आणि ते शेवाळ चरण्यासाठी जगात अन्यत्र न आढळणारा सागरी इग्वाना हा सरडा बुडी मारतो. डार्विनच्या एका सहप्रवाशाने असा एक सरडा वजन बांधून समुद्रात बुडविला. तासाभराने दोरी वर ओढली तेव्हा प्राणी चांगला वळवळत होता, अशी हकिकत डार्विनने नमूद करून ठेविली आहे. मात्र हा व्यवहार प्रवाहांच्या मर्जीवर चालतो. १९८२-८३ च्या एल निनोमध्ये पाणी तापले, शेवाळ नाहीसे झाले, इग्वाना उपासमारीने मेले, आणि प्रवाळांचीही अतोनात हानी झाली.

डार्विन व वुल्फ येथे पर्यटकास उतरण्याची परवानगी नाही. तेव्हा प्रवाशांचा मुक्काम जहाजावरच असतो, आणि मुख्य बेटांपासून रात्रभर प्रवास करून जहाज तेथे पोहोचते. डार्विन बेटासमोर समुद्रात उभी असलेली प्रसिद्ध नैसर्गिक कमान १७ मे २०२१ रोजी धूप होऊन कोसळली आणि तिचे दोन खांबच आता उरले आहेत; परंतु पाणबुड्याचे काम त्या खांबांच्या तळाशी आहे. रबरी होडीच्या काठावरून पाठमोरे पाण्यात पडावयाचे, तत्काळ खाली जावयाचे, आणि हातमोज्यांनी खडक धरून प्रवाहात अंग सावरीत राहावयाचे, अशी तेथील वहिवाट आहे.

अशा स्थितीत काही वेळ गेला म्हणजे निळ्या पाण्यातून कानमुश्यांचा, म्हणजे हॅमरहेड शार्कचा, थवा येतो. डोक्याच्या दोन्ही टोकांना डोळे असलेला हा मासा दिवसा थव्याने बेटाजवळ फिरतो आणि रात्री भक्ष्यासाठी खुल्या समुद्रात पांगतो. बुडबुड्यांचा आवाज त्याला नकोसा वाटतो. पण श्वास कधी रोखू नये हा पाणबुड्यांचा पहिला नियम असल्याने पाणबुड्याला संथपणे श्वास सोडीत स्तब्ध राहण्यावाचून गत्यंतर नसते. तेवढ्यात एखादी कानमुशी थव्यातून बाजूला होऊन खडकाजवळ मंदावते, आणि काळसर निळ्या अंगावर पांढरा उभा पट्टा असलेले एंजलफिश तिच्या कातडीवरचे परोपजीवी टिपू लागतात. हा स्वच्छतेचा कारभार आटोपला की ती पुन्हा थव्यात मिसळते. जून ते नोव्हेंबर या काळात येथे देवमाशासारखे अवाढव्य व्हेल शार्कही दिसतात, आणि त्यांत बहुसंख्य मोठ्या माद्या असतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या दोन बेटांच्या परिसरात हेक्टरी सरासरी सुमारे १७.५ टन मासे असल्याचे, आणि त्यांत सिंहाचा वाटा शार्कचा असल्याचे दाखवून दिले.

ही संपत्ती आपोआप राखली गेली नाही. ऑस्ट्रियन पाणबुडा हान्स हास याच्या ‘झारिफा’ मोहिमेबरोबर १९५४ साली येथे आलेला प्राणिशास्त्रज्ञ इरेनॉस आइब्ल-आइबेसफेल्ट येथील प्राण्यांची हेळसांड पाहून अस्वस्थ झाला आणि त्याने आंतरराष्ट्रीय संस्थांचे लक्ष तिकडे वेधले. १९५९ साली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. समुद्राला मात्र संरक्षण उशिरा मिळाले. पूर्व आशियाच्या बाजारात मोल चढलेल्या समुद्रकाकडीच्या शिकारीवर बंधने आली तेव्हा संतप्त मासेमारांनी १९९५ साली बेटांवरच्या डार्विन संशोधन केंद्रालाच वेढा घातला. १९९८ च्या विशेष कायद्याने बेटांभोवती ४० सागरी मैलांपर्यंत सागरी राखीव क्षेत्र ठरविले, औद्योगिक मासेमारीस मनाई केली आणि लहान मासेमारीचा हक्क स्थानिक परवानाधारकांपुरता ठेवला. २०१६ साली डार्विन व वुल्फभोवतीचा सुमारे ३८,००० चौरस किलोमीटरचा मुलूख सर्वच मासेमारीला वर्ज्य झाला.

या हद्दीची कसोटी ऑगस्ट २०१७ मध्ये लागली. ‘फू युआन यू लेंग ९९९’ हे चिनी मालवाहू जहाज राखीव क्षेत्रात पकडले गेले तेव्हा त्याच्या शीतकोठारात ६,००० हून अधिक शार्क निघाले, आणि त्यांत कानमुश्याही होत्या. जहाज जप्त झाले, वीस खलाशांवर खटला चालला आणि कप्तानास चार वर्षांची कैद झाली. हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून पोहोचणाऱ्या बर्फखान्याच्या जहाजापुढे अंतराचे कवच किती पातळ आहे, हे त्या खटल्याने उघड केले.

अडचण अशी की कानमुशीला हद्द ठाऊक नसते. संशोधकांनी तिच्या अंगावर खूणयंत्रे बसविली, तेव्हा ती सुमारे ७०० किलोमीटर ईशान्येस असलेल्या कोस्टा रिकाच्या कोकोस बेटाकडे ये-जा करते असे आढळले. म्हणजे गॅलापागोसमध्ये राखलेला मासा वाटेत कोणाच्याही गळाला लागू शकत होता. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने २०१९ साली या जातीची गणना अतिसंकटग्रस्तांत केली. जानेवारी २०२२ मध्ये इक्वेडोरने त्या जलमार्गावर ६०,००० चौरस किलोमीटरचे ‘एर्मान्दाद’ हे नवे राखीव क्षेत्र जाहीर केले, आणि पनामा, कोलंबिया व कोस्टा रिका हे शेजारीही आपापल्या जलसीमा या कामी जोडू लागले. बहुतेक परदेशी प्रौढ प्रवाशांकडून २०२४ पासून घेतले जाणारे २०० डॉलरचे प्रवेशशुल्क जड वाटते खरे. परंतु पाण्यावर आखलेली रेघ पुसली जाऊ नये म्हणून तिच्यावर गस्तीच्या नौकेने रोज फिरावे लागते, आणि त्या नौकेचा खर्च माशांचे वैभव पाहून परतणाऱ्याने उचलणे यापेक्षा न्याय्य वसुली दुसरी सुचत नाही.