'फ्रीडम' : शब्द एक, गाणी अनेक

भीमजयंतीच्या मिरवणुकीत वाजणाऱ्या गाण्यांची नावे एकदा सलग वाचून पाहा. बहुतेकांत 'भीम' हा शब्द असतोच. बाहेरच्या माणसाला हा तोचतोपणा वाटतो. वाटो बापडा! ज्या समाजाला शतकानुशतके काहीच आपले म्हणून मिळाले नाही, त्याने एक शब्द हाती धरला की तो शंभर तऱ्हांनी गायचाच. अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी असाच एक शब्द धरला. तो शब्द म्हणजे 'फ्रीडम'. हा शब्द नावातच मिरवणारी त्यांची काही गाणी माझ्या फार आवडीची आहेत आणि चळवळीतल्या माणसाने ती एकापाठोपाठ एक ऐकावीत, असे मला वाटते.

आपला आणि त्यांचा संबंध काय, असे कोणी विचारू नये. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहिले. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतले ते तिकडूनच.

पहिले गाणे 'ओ फ्रीडम'. गुलामांच्या भजनांच्या परंपरेतले. ओडेटा या गायिकेने १९५६ साली ते ध्वनिमुद्रित केले. तिचा आवाज ऐकला की छातीत दगड पडल्यासारखे होते. गुलाम म्हणून जगण्यापेक्षा मेलेले बरे, हा त्याचा आशय. पण मेल्यावर सुटका ती देवाच्या घरी! बाबासाहेबांची लेकरे असल्यामुळे आपण इथे अडखळतो. 'मुक्ती कोन पथे?' हा प्रश्न १९३६ साली त्यांनी विचारला तो या जगातल्या मुक्तीसाठी. मात्र हेच गाणे २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या मोर्चात जोन बाएझने गायले, तेव्हा देवाचे घर मागे पडले होते. त्या मोर्चाचे अधिकृत नावच 'नोकऱ्या आणि फ्रीडम' यांसाठी मोर्चा असे होते. नोकऱ्या आधी, हे लक्षात घ्या. सुमारे अडीच लाख माणसे पोटाचा आणि मानाचा प्रश्न एकाच दमात विचारत होती.

माझे सर्वांत आवडते गाणे मात्र 'फ्रीडम डे'. ढोलवादक मॅक्स रोच याने १९६० साली 'वी इन्सिस्ट!' ही तबकडी केली. शब्द ऑस्कर ब्राऊन ज्युनियर यांचे, गळा ॲबी लिंकन हिचा. तबकडीच्या वेष्टनावर खानावळीच्या गल्ल्याशी बसलेले तीन काळे तरुण आहेत. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या गल्ल्यावर जाऊन बसले आणि उठेनात. महाडच्या तळ्यावर जो हक्क होता तोच हा, पाण्याच्या जागी कॉफीचा पेला.

या गाण्यात गुलामगिरी संपल्याची बातमी येते ती कुजबुजीतून. ढोल उधळलेला आहे, पण गाणारीला खात्री नाही. खरेच सुटलो का आपण? ही शंका उगाच नाही. लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या गुलामांना तो सैन्याने सांगितला १९ जून १८६५ रोजी. अडीच वर्षे ती माणसे कायद्याने मुक्त होती आणि शेतात फुकट राबत होती! (त्या दिवसाची राष्ट्रीय सुट्टी जाहीर व्हायला २०२१ साल उजाडावे लागले.) कायदा राजधानीत होतो, शिवारापर्यंत पोचतो कधी? संविधानाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली. ती बातमी अजून किती गावांच्या वेशीवर अडली आहे? १६ ऑगस्ट १९४७ ला अण्णाभाऊ साठे मुंबईत मोर्चा घेऊन ही आझादी खोटी आहे असे बजावत होते, तेव्हा त्यांच्याही मनात हीच शंका होती.

'फ्रीडम हायवे'त शंका नाही, चाल आहे. मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यात वाढलेल्या पॉप्स स्टेपल्सने हे गाणे सेल्मा ते माँटगोमेरी या मोर्चासाठी रचले. ७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावर पोलिसांनी मतदानाचा हक्क मागणाऱ्यांची डोकी फोडली. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या एका सेनानीचे नाव त्या पुलाला आहे. त्याच महिन्यात माणसे पुन्हा निघाली आणि ५४ मैल चालून पोचली. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. एप्रिलमध्ये शिकागोच्या एका चर्चमध्ये हे गाणे लोकांसमोर ध्वनिमुद्रित झाले. टाळ्या ऐकू येतात त्या त्याच लोकांच्या. कव्वालीच्या मुकाबल्याला रात्र जागवलेल्या माणसाला त्या टाळ्यांची ओळख पटेल.

यानंतर शब्द मोकाट सुटतो. १९६९ साली वुडस्टॉकच्या मैदानात रिची हेवन्स या काळ्या गायकाला पहिल्यांदा उभे केले. बाकीचे कलावंत वाहतुकीत अडकलेले, याची गाणी संपली. मग त्याने एक जुने गुलामांचे भजन आठवत जागच्या जागी 'फ्रीडम' रचले. समोर बहुतेक गोरी तरुण पोरे होती. गाणे अंगावर काटा आणते, पण त्या मैदानात कोणाला कशापासून सुटका हवी होती हे काही उमगत नाही. जॉर्ज मायकेलच्या 'फ्रीडम! नाइन्टी'मध्ये कलावंताला बाजाराने बनवलेल्या आपल्याच प्रतिमेतून सुटायचे आहे. गाणे झकास आहे. प्रश्न मात्र एकट्याचा आहे.

बियॉन्से हिचे 'फ्रीडम' २०१६ चे. २०२४ च्या निवडणुकीत कमला हॅरिस यांनी ते तिच्या परवानगीने प्रचारगीत केले. गंमत अशी की ट्रम्प यांच्या प्रवक्त्यानेही ते त्यांच्या चित्रफितीला लावले. ती चित्रफीत मग काढून टाकली गेली. दोन्ही बाजूंना एकच शब्द चालतो, याचा अर्थ कशापासून सुटका हा प्रश्न त्यातून कोणीतरी गाळला आहे. जयंतीला पुढाऱ्यांचे फलक लावलेल्या गाड्यांवर 'भीम' शब्दाचा दणदणाट होतो आणि बावीस प्रतिज्ञांतली एकही ऐकू येत नाही, तेव्हा मला हेच दिसते.

पण बियॉन्सेच्या गाण्यात एक जुना आवाज मिसळलेला आहे. तो मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगातला. हा तुरुंग म्हणजे सरकारी मळाच. काळे कैदी तिथे कापूस पिकवत. अमेरिकेच्या १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द केली, पण गुन्ह्याच्या शिक्षेपुरती पळवाट ठेवली. १९६१ साली बसमधला वर्णभेद मोडणाऱ्या 'फ्रीडम रायडर्स'ना याच तुरुंगात डांबले होते. गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने तो आवाज १९४७ साली टिपला. गाणाऱ्याची नोंद आहे ती 'बावीस' या आकड्याने. तो आणि त्याचे सोबती जे गात होते, ते गाणे शर्यतीत धावणाऱ्या एका घोड्याचे होते.