मामांची चेतक पूल का चढेना?

सुरतेला उधन्यात माझे मामा राहतात. मूळचे निपाणीचे. पांडेसऱ्याच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून गेले, ते तिकडचेच झाले. मामी गोकाकच्या. घरात मराठी आणि कन्नड, दाराबाहेर गुजराती आणि हिंदी, शेजारी खानदेशातून आलेली मंडळी, त्यांची अहिराणी. आपल्या सीमाभागातल्या माणसाला असं घर काही नवं नाही.

मामा निवृत्त झाल्यावर मामींनी डबे सुरू केले. जोंधळ्याची भाकरी, झुणका, एण्णगाय, शेंगदाण्याची चटणी. कारखान्यातल्या एकट्या राहणाऱ्या पोरांना रोज अठरा डबे जातात. ते पोहोचवतात मामा, त्यांच्या जुन्या टू-स्ट्रोक चेतकवर. घरखर्चातला मोठा वाटा या डब्यांवर चालतो, म्हणजेच त्या चेतकवर चालतो.

गेल्या दिवाळीनंतर मी तिकडे गेले, तेव्हा घरात चिंता होती. सपाट रस्त्यावर स्कूटर बरी चालायची, पण डबे लादून वाटेतल्या उड्डाणपुलावर चढायला लागली की निम्म्यात दम सोडायची. मामा दुसऱ्या गियरवर आणायचे, मग पहिल्या, आणि शेवटी उतरून ढकलायचे. वय सदुसष्ट. मामी फोनवरच मला म्हणाल्या होत्या, ‘‘गाडी एरवल्दु री, यांचंच काही होईल एक दिवस.’’

एका गॅरेजवाल्याने पाहताक्षणी सांगितलं होतं, ‘‘बोअर गेलाय, पिस्टन बदला.’’ भंगारवाला तर दोनदा दारात येऊन गेला. मामांची गाडी विकायची तयारी नव्हती आणि बोअरच्या खर्चाची ऐपतही नव्हती.

घराघरातली गाडी

वाचकहो, चेतक म्हटलं की आपल्यापैकी अनेकांना आपल्याच घराचं अंगण आठवेल. पुण्याच्या बजाजने आधी इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर स्कूटरी बनवल्या आणि १९७२ साली चेतक आणली. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचं. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. साताऱ्याची प्रिया हीसुद्धा याच गोतावळ्यातली. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, टू-स्ट्रोक मागे पडली आणि २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटर बनवणं थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. २०२० मध्ये चेतक हे नाव परत आलं, पण ते विजेवर चालणाऱ्या गाडीला. जुन्या मात्र अजून कुठे कुठे धावतात.

मामांच्या चेतकने ऑगस्ट २००६ चा तापीचा पूरही पाहिला आहे. उकाई धरणातून पाणी सोडलं आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला, तेव्हा ती हँडलपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर टाकी धुऊन, ऑइल बदलून मामांनी ती पुन्हा उभी केली. म्हणून जीव गुंतलेला.

आधी लहान काम

शेजारच्या ताईंनी लिंबायतचा एक मिस्त्री सुचवला. मूळचा धुळ्याकडचा. त्याने आल्याआल्या इंजिनला हात लावलाच नाही. स्टँडवर लावून न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवलं. ‘‘काका, ब्रेक धरून ठेवत असेल तर इंजिन बिचारं काय करील?’’ चाक मोकळं फिरलं. मग चालवून पाहिली. इंजिनचा आवाज चढतो पण गाडी पुढे जात नाही, असं असेल तर क्लच घसरतोय असं समजावं. इथे तर आवाजच चढत नव्हता. म्हणजे क्लच बरा.

नंतर पेट्रोल. कार्बोरेटरकडची नळी काढून धार पाहिली. धार आधी चांगली आणि मग बारीक झाली, तर टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं असतं, किंवा नळाच्या जाळीत गंज अडकलेला असतो. धार ठीक होती. एअर फिल्टर काढला, तो तेलकट. प्लग काढला, तर काळा आणि ओला.

प्लगचा रंग ही इंजिनची जीभ. वैद्य जीभ बघतो तसा मिस्त्री प्लग बघतो. कॉफीसारखा तपकिरी असेल तर तब्येत ठणठणीत. पांढराफटक असेल तर हवा जास्त, पेट्रोल कमी, इंजिन तापतंय. काळा आणि ओला असेल तर तेल जास्त जळतंय.

मग त्याने किक हाताने हळूच दाबली. चांगली अडत होती. ‘‘दाब आहे. बोअर इतक्यात काढायचं कारण नाही.’’ मामांच्या चेहऱ्यावर तेव्हा थोडा उजेड आला.

नाक चोंदलं

शेवटी सायलेन्सर उतरवला. तोंडाशी टॉर्च धरला तर आत बोटभर वाटही उरली नव्हती. सगळा काळा, कडक कार्बन. मिस्त्री हसून म्हणाला, ‘‘गाडीनं नाक चोंदेल शे!’’

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, त्याची काजळी सायलेन्सरमध्ये आणि सिलिंडरच्या धूर सोडणाऱ्या तोंडाशी साठते. जळालेला वायू बाहेर पडला नाही तर नवं मिश्रण आत यायला जागाच मिळत नाही. गाडी सुरू होते, जागेवर चालते, पण जोर लावायची वेळ आली की गुदमरते. तवंदी घाटात आपल्याकडच्या कितीतरी स्कूटरी याच कारणाने थांबल्या असतील.

सायलेन्सर भाजून, ठोकून साफ झाला. हे काम घरी करू नये. आग, धूर आणि काही ठिकाणी वापरतात तो कॉस्टिक सोडा, तिन्ही वाईट. संध्याकाळी गाडी पूल चढली. मामा पैसे द्यायला निघाले, तर मिस्त्री म्हणाला, ‘‘थांबा काका. इतका कार्बन साठला कशाने, ते पाहायला नको?’’

मला वाटतं, चांगला कारागीर इथे ओळखू येतो.

तेल जातं कुठे?

त्याने गियर ऑइल पाहिलं. पातळी पार खाली. खाली एक थेंब गळालेला नाही. मग ऑइल गेलं कुठे? मामांनाच आठवलं की गाडी अलीकडे पांढरट धूर फार सोडते.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालची पेटी पंपासारखी काम करते. पिस्टन वर गेला की ती मिश्रण ओढून घेते, खाली आला की ते वर ढकलते. तिला दोन्ही बाजूंनी रबरी ऑइल सील असतात. क्लचकडचा सील झिजला तर ही पेटी पेट्रोलबरोबर गियरचं ऑइलही ओढून जाळते. धूर वाढतो, प्लग ओला होतो, सायलेन्सर भरतो. दुसऱ्या बाजूचा सील गेला तर उलट बाहेरची हवा आत येते, इंजिन तापतं आणि पिस्टन धरायची भीती असते.

त्यात मामांची एक चूक होती. ‘जुनं इंजिन आहे, जपायला हवं’ म्हणून ते टूटी ऑइल अंदाजाने जास्तच ओतायचे. जास्त ऑइलने कार्बन वाढतो आणि तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. नंतरच्या बहुतेक स्कूटरींना लीटरला २० मिली पुरतं. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते पाहावं आणि मापानेच घालावं. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा ओढतं, जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात. म्हणून उभ्या गाडीत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवू नये आणि नळ्या वेळेत बदलाव्यात.

सीलसाठी इंजिन उतरवावं लागलं. दोन दिवस डबे शेजारच्या पोराच्या सायकलवर गेले. खर्च झाला, पण बोअर-पिस्टनपेक्षा बराच कमी. तिसऱ्या दिवशी मामींनी मुद्दाम वीस डबे बांधले आणि स्वतः मागे बसल्या. मी रिक्षाने मागोमाग. पुलावर मामांनी तिसरा गियर सोडलाच नाही. पलीकडे उतरल्यावर मामी वळून मला म्हणाल्या, ‘‘एरितु नोड्री!’’

निघताना मिस्त्रीला विचारलं, ही गाडी अजून किती वर्षं? तो म्हणाला, ‘‘धूर कमी आहे, ब्रेक लागतो, कागद वेळेवर होतात, तोवर. त्यानंतर काकांनी हट्ट करू नये.’’ मामांनी मान डोलावली. मामींनी मात्र त्याचं घर कुठे ते विचारून घेतलं, आणि त्या संध्याकाळी एकविसावा डबा लिंबायतला गेला.