शेतातला मुक्काम का आवडतो?



सुट्टी लागली की काही माणसे महाबळेश्वरला जातात व हॉटेलात राहतात. पण काही माणसांना तंबूत, पालात नाहीतर कोपीत राहायलाच आवडते. असे का? मी पुष्कळ जणांना विचारले. ते येथे लिहीत आहे.

आमच्या लातूर जिल्ह्यात मार्गशीर्ष अमावस्येला येळवस असते. तिला वेळ अमावस्याही म्हणतात. त्या दिवशी सगळे गाव शेतात जाते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात. आत पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजतात. मग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि बिंदग्यातली थंडगार आंबील! ज्याला शेत नाही त्यालाही बोलावून जेवू घालतात. त्याच सुमारास नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथे घोडे व गाढवे विकायला येतात. लांबून आलेली माणसे माळावर पाल ठोकून राहतात.

माझे काका पुण्याला कारखान्यात आहेत. काकू म्हणाल्या, "यंदा हॉटेलात जाऊ, तिथं गरम पाणी मिळतं." काका म्हणाले, "नको, येळवसेला शेतातच मुक्काम करू." मी कारण विचारले. त्यांनी तीन कारणे सांगितली.

पहिले कारण, खर्च कमी. घोंगडी, कंदील आणि शिदोरी असली की झाले. एका माणसाच्या खर्चात सगळे घर जाते.

दुसरे कारण, सगळ्यांना काम असते. हॉटेलात सगळे आयते मिळते. शेतात मी काटक्या आणल्या, ताईने पाणी आणले, काकांनी चूल मांडली. काम केले की भूक लई लागते आणि साधी भाकरीसुद्धा गोड लागते.

तिसरे कारण, आभाळ. अमावस्येला चंद्र नसतो, म्हणून चांदण्या जास्त दिसतात. आम्ही मृग नक्षत्र आणि कृत्तिकांचा पुंजका पाहिला.

इंग्लंडमध्ये बेडन पॉवेल यांनी १९०७ साली वीसेक मुलांना एका बेटावर तंबूत ठेवले होते. त्यातूनच पुढे स्काउट चळवळ सुरू झाली. म्हणजे तंबूत राहून शिकायलाही मिळते.

पण सगळ्यांनाच हे आवडते असे नाही. माझा एक मित्र आईबापासोबत ऊसतोडीला जातो. तो कितीतरी महिने कोपीतच राहतो. तो म्हणाला, "मला तर पक्कं घरच आवडतं. कोपीत रात्री लई थंडी वाजते." मला त्याचे म्हणणे पटले.

आमची आज्जीही रात्री शेतात राहत नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे दगडमातीखाली गेली. आज्जी सांगते, "तवा घरात जायची भीती वाटायची. पाऊस आला तरी लेकरं घेऊन बाहेरच बसलो." म्हणून तिला उघड्यावर झोपणे नको वाटायचे. यंदा मात्र ती माझा हात धरून आली आणि कोपीत झोपली. सकाळी मी विचारले, "आज्जी, भीती वाटली का?" ती म्हणाली, "न्हाई रे. तवा घर पडलं व्हतं म्हणून बाहेर व्हते. आता घर हाय, मनात आलं तर माघारी जाता येतंय."

तेव्हा मला खरे कारण समजले. ज्याला परत जायला घर आहे, त्यालाच बाहेर राहण्याची मजा वाटते. म्हणून कोपीत राहणाऱ्या मित्राला येळवसेला आपल्या घरी मुक्कामाला बोलवावे. मी बोलावणार आहे.

तुम्ही शेतात राहणार असाल तर अंथरूण झटकून घ्या, विंचूकाटा असतो. निघताना चुलीवर माती टाका व कागद गोळा करा.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी, जि. प. प्राथमिक शाळा