हाफ आयर्नमॅन: आठवड्याला नक्की किती तास?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिहून देतेय. बोलताना जे "म्हणजे, म्हणजे" झालं ते तेवढं काढलंय.

आजचा प्रश्न तुमच्याकडूनच आलाय. "ऑफिस सांभाळून हाफ आयर्नमॅन करायचंय, आठवड्याला किती प्रॅक्टिस लागेल?"

आधी अंतर बघू. १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि शेवटी २१.१ किमी धावणं. मैलांत बेरीज केली की ७०.३ येते, म्हणून या शर्यतीला ७०.३ म्हणतात. आपल्या जवळची म्हणजे गोव्याची. ती २०१९ मध्ये पहिल्यांदा पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर झाली.

नेटवर शोधलं तर आठवड्याला ८ ते १० तासांचे प्लॅन दिसतात. आकडा चुकीचा नाही, पण बरेच जण तो सोमवारपासूनच लागू करतात. खरं तर तो शिखरावरच्या आठवड्यांचा आकडा आहे. सुरुवात कुठून करायची हे तुमच्या घड्याळातल्या किंवा ॲपमधल्या हिस्टरीतच लिहिलेलं असतं. मागच्या सहा आठवड्यांचे तास काढा, बुडवलेले आठवडेही धरा, आणि सरासरी काढा. ती ५ तास आली तर तुमचा प्लॅन ५ तासांच्या आसपास सुरू होतो. उत्साह कितीही असो.

आणि मोजायचं तासांत, किलोमीटरमध्ये नाही. १० किमी सायकल म्हणजे वॉर्म-अप, १० किमी धावणं म्हणजे चांगली सकाळ, आणि १० किमी पोहणं म्हणजे... जाऊ दे. तिन्हींची बेरीज फक्त वेळेतच होते.

अर्थात सगळे तास सारखे नसतात. त्यासाठी सोपी युक्ती आहे: सेशन संपल्यावर ते किती जड गेलं याला १० पैकी मार्क द्या आणि मिनिटांनी गुणा. गप्पा मारत केलेली तासभर सायकल, ३ मार्क, म्हणजे १८०. ट्रॅकवर तासभर इंटरव्हल, ७ मार्क, म्हणजे ४२०. कॅलेंडरमध्ये दोन्हींना एकच तास, शरीरासाठी मात्र दुपटीहून जास्त फरक. म्हणून बहुतेक तास असे असावेत की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. आठवड्यात एक, फार तर दोन सेशन जड.

आता वाटणी. समजा तुम्ही ७ तासांत शर्यत पूर्ण करणार: पोहणं ५० मिनिटं, सायकल साडेतीन तास, धावणं २ तास २५ मिनिटं, कपडे-बूट बदलण्यात १५ मिनिटं. अर्धी शर्यत सायकलवरच जाते, म्हणून अर्धे तासही तिलाच. ८ तासांचा आठवडा असा दिसेल: पोहणं ४५ मिनिटांचं दोनदा, सायकल मधल्या वारी ४५ मिनिटांची दोनदा आणि शनिवारी अडीच तास, धावणं ४०, ४० आणि रविवारी ७० मिनिटं. सोमवार सुट्टी. पोहायला अजून धड येत नसेल तर सायकलमधला थोडा वेळ काढून तलावावर तिसरी फेरी मारा. पाण्यात दम नाही, तंत्र कमी पडतं, आणि तंत्राला वारंवारता लागते.

धावण्याचे तास वाढवताना मात्र कंजूष व्हा. सायकलने दम काही आठवड्यांत वाढतो. हाडं आणि स्नायूबंध सावकाश तयार होतात. त्यामुळे छाती म्हणते "अजून पळू" आणि नडगी म्हणते "नको". हाडावर एकाच जागी दाबल्यावर दुखत असेल, चालतानाही जाणवत असेल, तर धावणं बंद आणि डॉक्टर. तिथे प्लॅन बघायचा नाही.

"दर आठवड्याला १० टक्केच वाढवा" हा नियम सगळ्यांनी ऐकलाय. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या नवख्या धावपटूंवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाने या नियमाने १३ आठवडे सावकाश तयारी केली, दुसऱ्याने नेहमीच्या पद्धतीने ८ आठवडे. दोन्हींत साधारण पाचातला एक जण जखमी झाला. म्हणजे १० टक्के हा काही गुरुत्वाकर्षणाचा नियम नाही. मला त्यापेक्षा 'तीन वर, एक खाली' हे जास्त पटतं. ५ तासांवरून: साडेपाच, सहा, साडेसहा, मग साडेचार. पुढे साडेसहा, सात, साडेसात, मग पाच. मग साडेसात, आठ, साडेआठ, सहा. तेराव्या आठवड्यात एकदाच नऊ, मग साडेआठ, आणि शेवटचे दोन आठवडे उतार: आधी सहा तास, शर्यतीच्या आठवड्यात जेमतेम तीन. बघा, ८ तासांचा आठवडा दहावा आला!

गोव्याची शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास असते. १६ आठवडे मागे मोजा, पावसाळा लागतो. समुद्र बंद, घाट निसरडे. लांब सायकल घरात ट्रेनरवर करावी लागली तर लक्षात ठेवा, तिथे उतार नाही, सिग्नल नाही, पाय सतत चालू. त्यामुळे अडीच तासांऐवजी दोन तास पुरतात, माझ्या मते. समुद्रातला सराव पाऊस गेल्यावर, आणि एकट्याने कधीच नाही.

ऑफिसमध्ये रिलीज आली की काय कापायचं? आधी मधल्या वारची एक सायकल, मग एक छोटं धावणं. शनिवारची लांब सायकल शक्यतो राखा. झोप कापून पहाटे साडेचारचं सेशन घुसवू नका, सात तासांची झोप हा प्लॅनचाच भाग आहे. आणि बुडालेलं सेशन रजेसारखं कॅरी फॉरवर्ड होत नाही. बुधवारचं पोहणं आणि गुरुवारचं धावणं रविवारी कोंबलं तर ती भरपाई नसते, नवीनच जड दिवस असतो.

पुढच्या एपिसोडमध्ये सायकलवर खायचं काय ते बोलू. चिक्की, खजूर आणि जेल, तिन्ही घेऊन येते.